जुनी स्पोर्ट्स कार हिवाळ्यात चालवायचीये? मग आधी मिठाचं बघा

थंडी पडायला लागली की जुन्या गाड्यावाल्यांमध्ये दरवर्षी तोच वाद सुरू होतो. एक जण म्हणतो गाडी झाकून ठेवा आणि थंडी संपल्यावरच बाहेर काढा, दुसरा म्हणतो चालवायलाच घेतलीये ना, मग चालवा. मी माझी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची, कापडी छताची ब्रिटिश गाडी, गेले अकरा हिवाळे चालवतेय आणि मला एवढंच कळलंय की गाडीला थंडी फारशी बाधत नाही, बर्फही नाही, गाडी खातं ते मीठ. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून जे टाकतात ना, ते. त्यामुळे कॅलेंडर बघून गाडी बंद करू नका, रस्ता बघून ठरवा. कडक थंडी, कोरडा रस्ता आणि ऊन असा दिवस मिळाला तर गाडी काढाच, अशा हवेत जुनं इंजिन इतकं छान ओढतं की विचारू नका. रस्ता ओला असेल आणि कडेला पांढरट थर दिसत असेल तर गरज असल्याशिवाय काढू नका. मीठ टाकलंय म्हटल्यावर एकदोन चांगले जोरदार पाऊस होऊन रस्ता धुतला जाईपर्यंत मी थांबते.

मीठ एवढं वाईट का, तर ते सुकतच नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून घेतं, आणि मिश्रणात मॅग्नेशियम क्लोराईड किंवा कॅल्शियम क्लोराईड असेल तर तीसपस्तीस टक्क्यांनासुद्धा ते ओलं होतं. म्हणजे तुम्ही गाडी आणून लावली, वरून कोरडी दिसतेय, पण खाली पत्र्यावर खारट पाण्याचा पातळ थर तसाच बसलाय आणि तो रात्रंदिवस काम करतोय. आणि इथेच बरेच जण चुकतात, खारट गाडी आणून उबदार गॅरेजमध्ये लावतात. गंज चढणं ही रासायनिक क्रिया आहे, उबेत ती जास्त जोरात चालते. मीठ लागलेली गाडी बाहेर गारठ्यात उभी राहिली तर कमी गंजेल, उबेत जास्त. उबदार गॅरेज असेल तर उत्तमच, पण आधी धुवा आणि मग आत घ्या.

धुवायचं म्हणजे वरून चकाचक करायचं नाही, वरचा रंग स्वतःचं बघून घेतो. खालून धुवायचं. माझी पद्धत अशी की बागेत पाणी मारायचा फिरता फवारा असतो ना, तो गाडीखाली सरकवायचा आणि दहा मिनिटं पुढे, दहा मिनिटं मधे, दहा मिनिटं मागे असा ठेवायचा, साधं गार पाणी पुरतं. मग पाइप हातात घेऊन चारही मडगार्डांच्या आतून वरच्या कडेला बोट फिरवत पाणी मारायचं, कारण तिथे चिखल बसतो आणि त्या चिखलात मीठ मुरून राहतं. प्रेशर वॉशर खालून मारणार असाल तर बेअरिंग, बॉल जॉइंट, रबरी बूट यांच्यापासून लांब ठेवा, ग्रीस निघून जातं आणि पाणी आत शिरतं. तापमान शून्याखाली असताना धुवू नका, कुलपं आणि ब्रेक गोठतात. आणि धुतल्यावर कोरड्या रस्त्यावर एक चक्कर मारून ब्रेक दाबत दाबत गाडी वाळवायची, मगच आत लावायची.

पण खरं काम हिवाळ्याआधीचं आहे, आणि ते गाडी पूर्ण कोरडी असताना, हवा गरम असतानाच करायला हवं. दाराखाली जो पोकळ पट्टा जातो, सिल म्हणतात तो, त्याला खालून बारीक भोकं असतात पाणी निघायला. दारांच्या खालच्या कडेलाही असतात. गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी पाठीवर झोपून डाव्या सिलचं मागचं भोक शोधत होते, सापडेना, शेवटी बोटाला खळगा लागला, तो चिखलानं लिंपलेला. तारेनं टोकरलं तर आधी काहीच नाही, मग एकदम विटकरी रंगाचं पाणी धारेनं यायला लागलं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, आणि शेवटी पापुद्रे पडले, नखाएवढे, हातात घेतले तर चुरा होणारे. ते पापुद्रे म्हणजे माझ्या गाडीचा पत्रा होता. एमजीबीला वेगळी चासी नाही, सिल हाच तिचा कणा आहे, तो गेला की दारं बंद होईनाशी होतात आणि मधून गाडी वाकते. तेव्हापासून दरवर्षी तार घेऊन सगळी भोकं मोकळी करते, आत पातळ, पसरणारं वॅक्स लांब नळीनं मारते, आणि वॅक्स सुकल्यावर भोकं परत एकदा तारेनं तपासते कारण वॅक्सनंच ती बुजू शकतात.

खालच्या जुन्या काळ्या डांबरी लेपावर विश्वास ठेवू नका. तो वर्षानुवर्षांत कडक होतो, तडकतो, आणि पत्रा आणि लेप यांच्या मधे पाणी अडकवून ठेवतो, वरून सगळं ठीक दिसतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा, जिथे आवाज बद्द येईल किंवा लेप सुटलेला वाटेल तिथे खरवडून काढा, स्वच्छ करा, रंगवा आणि वरून मऊ राहणारं वॅक्स किंवा लॅनोलिनवालं (लोकरीतल्या चरबीचं) काहीतरी लावा, त्याला तडा जात नाही. फायबरची बॉडी असली म्हणजे सुटलात असं नाही, लोटस इलानची बॉडी फायबरग्लासची पण आतली चासी लोखंडाचीच आहे. पोर्शेनं सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ९११ ला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली, त्याआधीची असेल तर इतरांएवढीच काळजी घ्या. ग्रीस पॉइंट असतील तिथे हिवाळ्याच्या तोंडावर नवीन ग्रीस भरा, जुनं आणि त्यातलं पाणी बाहेर येईपर्यंत. ट्रायम्फ स्पिटफायरवाल्यांनी पुढच्या चाकांच्या खालच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात, ग्रीस न घालता गिअर ऑइल घालायचंय, हे विसरू नका, कोरडी पडली की ती तुटते आणि चाक आडवं होतं. तारेची चाकं असतील तर... तारा एकेक करून पुसायला माणूस कुठून आणायचा.

आता कूलंट. इथे आळस केला तर इंजिन ब्लॉक फुटतो, कारण पाणी गोठताना पसरतं. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी अर्धं अर्धं घेतलं की साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही, नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, शिवाय ते उष्णता कमी वाहून नेतं. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्यापितळेचे आणि शिशाच्या डाखाचे असतात, त्यांना जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं कूलंट घाला आणि दर दोन वर्षांनी बदला, नवीन गाड्यांचं जास्त वर्षं टिकणारं कूलंट जुन्या डाखांना आणि रबरी सीलना बरेचदा मानवत नाही. काही जण थंडीपुरतं पाणी काढून ठेवतात, ते एमजीबीत चालणार नाही, ड्रेन उघडलं तरी हीटरमधलं पाणी आतच राहतं. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा, चवीला गोड असतं, कुत्रीमांजरं चाटतात आणि मरतात.

बॅटरीचं थोडक्यात सांगते. उणे १८ ला तिची ताकद जवळजवळ निम्मी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल फिरवायला जास्त ताकद लागते. काही तास उभ्या गाडीवर मोजा, १२.६ व्होल्टच्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटू शकते, भरलेली गोठत नाही, म्हणून स्मार्ट चार्जर लावून ठेवा. माझ्या गाडीत सीटांच्या मागे फ्लोअरखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, रस्त्याच्या अगदी जवळ, त्यांच्या टर्मिनलला आणि पिंजऱ्याला मीठ लागतंच, तिथे व्हॅसलीन. सेल्फ हळू फिरतोय म्हणून नवीन बॅटरी घेण्याआधी इंजिनाची अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून बघा, निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. आणि तुमच्या गाडीत अल्टरनेटर नसून डायनॅमो असेल तर एक लक्षात ठेवा, आयडलवर तो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा सगळं चालू असेल तर बॅटरी उतरतच असते, थांबलात की पंखा बंद करा.

थंडीत चालू करणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. चावी फिरवली की लगेच सेल्फ मारू नका. मागून पेट्रोल पंपाचा आवाज येतो, एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप असेल तर टक टक टक टक असा भरभर, मग कार्ब्युरेटरच्या वाट्या भरत आल्या की टक... टक... आणि मग गप्प. तो गप्प होईपर्यंत थांबा. चोक पूर्ण ओढा, क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं मधासारखं झालेलं ऑइल सेल्फला फिरवावं लागत नाही. एसयू कार्ब्युरेटर असेल तर ऍक्सिलरेटर पंप करून काही उपयोग नाही, त्यात ती सोयच नसते. वेबर कंपनीचा कार्ब्युरेटर असेल तर आधी दोनतीनदा दाबायचा, त्याचा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. पेटली की चोक थोडा थोडा आत ढकलत जा, इंजिन कुठवर सहन करतंय ते कानानं कळतं. आणि उभी ठेवून पंधरा मिनिटं गरम करत बसू नका. चोकवर जादा पेट्रोल जातं, ते सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन टाकतं. अर्धा मिनिट, ऑइल प्रेशर आलं की निघा, पहिले आठदहा किलोमीटर हलक्या पायानं, गिअर अडकला तर जबरदस्ती नको.

निघालात तर पुरेसं लांब जा. दर रविवारी दहा मिनिटं गाडी चालू करून बंद करणं हा गाडीवर अन्याय आहे, माझं ह्यावर ठाम मत आहे. त्या दहा मिनिटांत इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये पाणी तयार होतं पण उडून जाण्याइतकी उष्णता येत नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतून पिवळसर पांढरा लोण्यासारखा थर असेल तर तो ह्याच पाण्याचा. तीसेक किलोमीटर तरी गाडी पूर्ण गरम होऊन चालली पाहिजे, नाहीतर चालूच करू नका. ऑइल हिवाळ्याच्या आधी बदला, नंतर नाही, वर्षभराच्या वापरलेल्या ऑइलमधलं ऍसिड महिनोन्महिने बेअरिंगवर बसून राहायला नको. टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते आणि ई१० (दहा टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल ती ओल पिऊन घेतं.

एक विचित्र बिघाड सांगून ठेवते कारण मला तो कळायला दोन हिवाळे लागले. शून्याच्या थोडं वर, दमट हवा, धुकं, गाडी मस्त चाललेली आणि हळूहळू दम तोडायला लागते, शेवटी बंद. पाच मिनिटं उभी करा, परत चालू होते जणू काही झालंच नाही. हा कार्ब्युरेटरमधला बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान एकदम घसरतं, हवेतली ओल तिथेच गोठते आणि वाट अडवते, थांबलात की इंजिनाच्या उबेनं तो वितळतो. कडाक्याच्या कोरड्या थंडीत हे होत नाही कारण हवेत ओलच नसते. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या एअर फिल्टरच्या नळीला उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन जागा असतात, हिवाळ्याच्या जागी ती एक्झॉस्टजवळची गरम हवा ओढते, ती फिरवून ठेवा.

हीटरबद्दल सगळे रडतात की जुन्या गाडीचा हीटर गरमच होत नाही. आधी थर्मोस्टॅट बघा, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा वॉल्व्ह तो, कुणीतरी काढूनच टाकलेला असतो किंवा उघडाच अडकलेला असतो. एमजीबीला थंडीसाठी ८८ अंशांचा मिळतो, नेहमीचा ८२ चा. मग हीटरचा वॉल्व्ह, वर्षानुवर्षं न फिरवल्यानं जाम झालेला असतो. मग काचेकडे जाणाऱ्या नळ्या, त्या निसटलेल्या असतात. काचेसमोरच्या जाळीखालून पाणी काढणारी नळी पानांनी तुंबली असेल तर पाणी पायाशी येतं आणि मग काच धुकटणारच, कितीही पुसा. एअर कूल्ड ९११ असेल तर हीटरची हवा एक्झॉस्टभोवतीच्या कवचातून येते, ते गंजून भोक पडलं तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येऊ शकतो, त्याला वास नसतो, म्हणून दर हिवाळ्याआधी ते तपासून घ्याच आणि एक अलार्म आत ठेवा.

टायर. ट्रेड कितीही शिल्लक असू दे, आधी वय बघा, बाजूला लिहिलेल्या चार आकड्यांमध्ये पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. जुन्या गाड्या कमी चालतात म्हणून टायर झिजत नाहीत पण रबर दगड होतं, आणि थंडीत आणखीच. तापमान ७ अंशांच्या खाली राहत असेल तर विंटर टायर घ्या, डोंगरात हिमकण असं चिन्ह बघून, आणि चारही घ्या, नुसते मागचे लावले तर गाडी वळणारच नाही, नुसते पुढचे लावले तर मागून फिरेल. ट्रेडची खोली ४ मिमी पेक्षा कमी झाली की बर्फात उपयोग नाही. रुंद टायरचा मोह नको, अरुंद टायर मऊ बर्फ कापत खाली जातो, रुंद वर तरंगतो. हवा दर आठवड्याला बघा, पाचसहा अंश तापमान उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते.

आता चालवण्याचं. मिनी कूपर एसनं १९६४, १९६५ आणि १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली आणि पोर्शे ९११ नं १९६८, १९६९, १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं. एक पुढच्या चाकांवर चालणारी, एक मागच्या, पण दोघींचं इंजिन ज्या चाकांना ताकद मिळते त्यांच्यावरच बसलेलं, म्हणून पकड. आपली इंजिन पुढे आणि ताकद मागे अशी, एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, डॅटसन झेड, सगळ्या अशाच, मागून हलक्या. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडून निघा. डिकीत वाळूची पोती टाकायची असतील तर थोडीच, आणि बांधून, ऍक्सलच्या जमेल तितकी वर. सुटी ठेवली तर वळणावर तीच तुम्हाला ढकलतील.

माझी गाडी पहिल्यांदा घसरली तेव्हा बर्फ पडलेलाच नव्हता. सकाळची वेळ, सगळा रस्ता उन्हात कोरडा, फक्त एका डाव्या वळणावर झाडांची सावली. मी नेहमीसारखा तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच सोडला. लगेच स्टिअरिंग हलकं झालं, हातात काहीच नाही असं, आणि मागचा भाग उजवीकडे निघाला, अगदी शांतपणे, आवाज नाही काही नाही. क्लच दाबला, ब्रेकला पाय लावला नाही, वळणाच्या बाहेरच्या खांबाकडे न बघता पुढे रस्ता जिथे जातो तिथे बघितलं आणि हात आपोआप उजवीकडे फिरले, मागचा भाग परत आला, आणि तो येताना स्टिअरिंग लगेच सरळ केलं. हे शेवटचं महत्त्वाचं, बरेच जण पहिल्या घसरण्यात वाचतात आणि स्टिअरिंग सरळ करायला उशीर झाल्यानं दुसऱ्या बाजूला फेकले जातात. चूक काय झाली होती, तर इंजिन ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांना होतं. गिअर खाली टाकून क्लच झटकन सोडला की घसरड्यावर मागची चाकं लॉक होतात, हँडब्रेक ओढल्यासारखं. म्हणून गिअर वळणाच्या खूप आधी, सरळ रस्त्यावर उतरवायचा आणि क्लच सोडायच्या आधी थोडी रेस देऊन इंजिनाचा वेग जुळवायचा.

सावलीतली वळणं आणि पूल, ह्या दोन जागी बर्फ आहे असंच धरून चला. पुलाला खालूनही वारा लागतो, तो रस्त्याआधी गोठतो. एबीएस नाही, त्यामुळे चाक लॉक झालं की पाय उचला, परत दाबा, उचला, दाबा. रिकाम्या मोठ्या मैदानात ताशी वीसच्या वेगानं हे मुद्दाम करून बघा, दहा वेळा, पायाला सवय लागेपर्यंत. बर्फावर थांबायला दहापट अंतर लागू शकतं, आणि पुढच्या नवीन गाडीला चांगले ब्रेक आहेत, ती तुमच्या आधी थांबणार, तेवढी जागा सोडा.

गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक शू ड्रमला चिकटून गोठतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. कापडी छत ओलं असताना घडी घालू नका, आणि मागची प्लॅस्टिकची खिडकी थंडीत अजिबात वाकवू नका, ती काचेसारखी तडकते, आधी हीटर लावून आत ऊब येऊ दे. आणि दर दोन आठवड्यांनी कार्पेट उचलून खाली फ्लोअरवर हात फिरवा, कोपऱ्यांत, सीटच्या पायांपाशी. ओल लागली तर कार्पेट बाहेर काढून घरात वाळत घाला आणि पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत ते परत घालू नका.